मिटुटोयोचा साधा व्हर्नियर, १५० मिमी: मामाच्या सांगण्यावरून पहिल्या पगारात घेतलेला

आधीच सांगते, हा डिजिटल नाही. मिटुटोयो या जपानी कंपनीच्या ५३० सिरीजमधला साधा व्हर्नियर, म्हणजे जबड्यात वस्तू धरून रेघांवर माप वाचायचा कॅलिपर आहे, ० ते १५० मिलिमीटर, लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२, वरच्या बाजूला इंचाची पट्टी पण आहे. मी डिप्लोमा मेकॅनिकल केलंय, कोल्हापुरात एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, आमच्याकडे कास्टिंगचे जॉब, म्हणजे ओतीव पार्ट, मशीनिंग होऊन ऑटोमोबाईलवाल्यांना जातात. हा व्हर्नियर घेतला तो मामाने सांगितलं म्हणून, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा व्हर्नियरचा आणि थोडा मामाच्या सल्ल्याचा होणार, मला ते दोन्ही वेगळं करून लिहिता येत नाही.

मामा म्हणजे आमच्या घरातला 'मोठा झालेला' माणूस. आयटीआय टर्नर, कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर सुरुवात, तेव्हा ऑइल इंजिनाचे पार्ट जोरात चालायचे, शेतात पाणी उपसायला सगळीकडे इंजिनच होती. मग विजेचे पंप आले, इंजिनाची मागणी उतरली, त्याच्या बरोबरीच्या बऱ्याच जणांनी शटर ओढलं आणि मामाने मात्र जुना लेथ स्वतः घेऊन फौंड्रीवाल्यांचं मशीनिंग धरलं. आज शिरोली एमआयडीसीत त्याचं स्वतःचं शेड आहे, आत व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आहेत, हाताखाली माणसं आहेत. त्यामुळे घरात कुणाचंही करियर निघालं की सगळे त्याच्याकडे बघतात. आईचं तर ठरलेलं वाक्य, मामाला विचारलंस का?

माझा डिप्लोमा झाला तेव्हा घरात दोन पार्ट्या होत्या. चुलतभाऊ, काकू आणि शेजारचे एक सर म्हणत होते पुण्याला जा, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास कर, एसीत बसून काम, मुलीसाठी बरं. मामा म्हणाला, "टेस्टिंगच करायचीय न्हवं? मग लोखंडाचं कर की. मापं घ्यायला शीक, क्वालिटीत जा, ड्रॉइंग वाचणारं माणूस उपाशी मरत नाय." आणि मी क्वालिटीत आले. मला ड्रॉइंग आवडायचंच, कॉलेजमध्ये पण मशीन ड्रॉइंगच्या तासाला माझं डोकं शांत असायचं, त्यामुळे नुसतं त्याच्या दबावाखाली आले असं नाही.

जॉइन व्हायच्या आदल्या आठवड्यात त्याने शेडवर बोलावलं. मला वाटलं आता मोठं भाषण होणार, कष्ट कर, नाव काढ वगैरे. त्याने टेबलच्या ड्रॉवरमधून त्याचा स्वतःचा जुना व्हर्नियर काढला, त्याच्या स्केलवरची काळी शाई जागोजागी झिजलेली, पण जबडे मिटले की मधून उजेड दिसत नव्हता. तो मला खिडकीकडे धरून दाखवला. आणि म्हणाला, "पोरी, एकच ऐक. दुसऱ्याच्या व्हर्नियरवर आपली सही करू नगंस. पहिल्या पगारात आपलं हत्यार घे, चांगलं घे, आणि कुणाला देऊ नगंस."

ज्यांना शॉपमधलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सही म्हणजे फर्स्ट पीस अप्रूव्हलची सही. सेटिंग बदललं, टूल बदललं, शिफ्ट बदलली की पहिला जॉब क्वालिटीकडे येतो, आपण मापं घेतो, रिपोर्टवर सही करतो आणि मग लाइन चालू होते. ती सही चुकीच्या मापावर पडली तर पुढचे सगळे जॉब तसेच निघतात. आणि शॉपमधला कॉमन व्हर्नियर कुणी कसा वापरलाय सांगता येत नाही, कुणी त्याने बर्र (कापल्यावर कडेला राहणारी धारदार किनार) खरवडलेला असतो, कुणी चालू मशीनवर लावलेला असतो, कुणाच्या हातून पडलेला असतो आणि तो गपचूप परत ठेवलेला असतो.

तर आता वस्तूबद्दल.

बॉक्स उघडल्यावर पहिली जाणवते ती सरक. अंगठ्याने ढकलला की स्लाइडर एकसारखा जातो, मध्ये कुठे अडकत नाही, कुठे सैल पडत नाही, आणि सोडला की तिथेच थांबतो. स्वस्तातल्या व्हर्नियरमध्ये हेच नसतं, एका ठिकाणी घट्ट आणि पुढे ढिला, मग प्रत्येक वेळी हाताचा दाब वेगळा पडतो आणि माप बदलतं. वरचा लॉक स्क्रू छोटाय पण नीट पकडतो. स्केलचा पृष्ठभाग मॅट आहे, म्हणजे ट्यूबलाइटखाली चमकत नाही, हे फार महत्त्वाचं कारण ०.०२ च्या रेघा इतक्या जवळ जवळ असतात की चमक आली तर कुठली रेघ जुळली तेच कळत नाही. मागची डेप्थ रॉड सरळ आहे, तिचं टोक नीट तासलेलंय.

वाचायला शिकावं लागतं हे खरं. मेन स्केलवरचे ४९ मिलिमीटर व्हर्नियरवर ५० भागांत वाटलेत, म्हणजे एक भाग ०.९८ आणि फरक ०.०२. समजा व्हर्नियरचं शून्य मेन स्केलच्या २४ च्या पुढे गेलंय आणि अठरावी रेघ जुळली, तर १८ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३६, माप झालं २४.३६. डोळा बरोब्बर समोर पाहिजे, तिरकं बघितलं की शेजारची रेघ जुळल्यासारखी वाटते. कॉलेजमध्ये हे प्रॅक्टिकलला केलं होतं पण तिथे अर्ध्या तासात एक रीडिंग घ्यायचं असतं आणि इथे ऑपरेटर मशीन थांबवून आपल्या तोंडाकडे बघत असतो. सुरुवातीला घाम फुटतो. नंतर डोळा आपोआप रेघेवर जातो, खरंच जातो.

कंपनी याची अचूकता अधिक-उणे ०.०३ मिमी देते. इथे बऱ्याच नवीन पोरांचा गोंधळ होतो, लीस्ट काउंट ०.०२ आहे म्हणजे ०.०२ पर्यंत बरोबरच असणार असं वाटतं, तसं नसतं. शॉपमध्ये साधा नियम चालतो की टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) एक दशांशापर्यंत वाचता येईल असं हत्यार पाहिजे. ड्रॉइंगवर अधिक-उणे ०.१ असेल तर एकूण ०.२, त्याचा दहावा भाग ०.०२, तिथे हा व्हर्नियर चालतो. फ्लँजची जाडी, एकूण लांबी, स्लॉटची रुंदी, रफिंगनंतरचा स्टॉक, याला मस्त. पण २५ चा बोअर, म्हणजे भोक, एच७ या बारीक टॉलरन्सचा असेल तर शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), तिथे व्हर्नियर लावणं म्हणजे स्वतःला फसवणं. तिथे भोकासाठीचेच प्लग गेज किंवा बोअर गेज. शिवाय बारीक भोकांना आतले जबडे लावले की माप खऱ्यापेक्षा थोडं कमीच येतं, कारण जबड्याला स्वतःची जाडी असते आणि तो बरोब्बर व्यासावर बसत नाही. या गोष्टी बॉक्समधल्या कागदावर कुणी वाचत नाही.

पकडण्याबद्दल मामाने दाखवलं ते मला कुठल्याही क्लासमध्ये मिळालं नसतं. जॉब जबड्याच्या टोकाला धरायचा नाही, जितका आत, स्केलच्या जवळ नेता येईल तितका न्यायचा. कारण स्केल एका रेषेत आणि जॉब दुसऱ्या रेषेत असतो, जितकं अंतर जास्त तितका जबडा कलायला वाव जास्त. नंतर कळलं की याला अ‍ॅबेचं तत्त्व म्हणतात आणि मायक्रोमीटर (स्क्रू गेज) त्यात बसतो म्हणून तो जास्त अचूक, पण मामाला अ‍ॅबे माहीत नाही, त्याला फक्त हे माहीत आहे की टोकाला धरलं की माप खोटं बोलतं.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. आमच्याकडे एका ब्रॅकेटची फ्लँज १२ अधिक-उणे ०.१ आहे. सेकंड शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर म्हणाला मॅडम माप वाढलंय, १२.१४ येतंय, इन्सर्ट (टूलची कापणारी टिप) गेला बहुतेक, ऑफसेट देऊ का, म्हणजे मशीनमध्ये टूलचा आकडा बदलू का? त्याने कॉमन डिजिटलवर घेतलं होतं. मी जॉब हातात घेतला, गरम होता, नुकताच फिक्स्चरमधून निघालेला, आणि कडेवरून बोट फिरवलं तर बर्र लागला, नखाला अडकेल एवढा. फाइलने बर्र काढला, कापडाने जॉब आणि माझ्या व्हर्नियरचे जबडे पुसले, जॉब थंड व्हायला ठेवला, मग आतून धरून तीन जागी माप घेतलं. १२.०४, १२.०४, १२.०६. ऑफसेट दिला असता तर पुढचे सगळे जॉब विनाकारण बारीक निघाले असते, आणि ११.९ च्या खाली गेलेलं कास्टिंग परत जाड करता येत नाही, सरळ रिजेक्शन. मी रिपोर्टवर सही केली आणि इन्सर्ट तोच ठेवला. ऑपरेटर वयाने माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, पण त्या दिवसापासून शंका आली की आधी मला बोलावतो. मला पदवीपेक्षा हे मोठं वाटतं.

गरम जॉबचं पण लिहूनच टाकते. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं असतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात शेडमध्ये किती असतं ते पत्र्याखाली काम करणाऱ्यांनाच माहीत. १०० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब १० अंशांनी तापला की साधारण २३ मायक्रॉन वाढतो, स्टील त्याच्या निम्मं. व्हर्नियरच्या कामात हे बऱ्याचदा झाकून जातं पण मायक्रोमीटरवर लगेच दिसतं. त्यामुळे जॉब आणि हत्यार एकाच जागी थोडा वेळ ठेवून मग माप घ्या.

आता एक गोष्ट जी मामाला माहीत नव्हती आणि मला कामावर गेल्यावर कळली. आमची कंपनी आयएटीएफ १६९४९ ची आहे, म्हणजे ऑटोमोबाईलला माल देणाऱ्यांचं क्वालिटी स्टँडर्ड. तिथे स्वतःचं हत्यार खिशात घालून थेट वापरता येत नाही. स्टँडर्डमध्ये स्पष्ट आहे की कर्मचाऱ्याचं स्वतःचं मापाचं साधन जरी कामासाठी वापरत असाल तरी त्याचं कॅलिब्रेशन रेकॉर्ड पाहिजे. म्हणजे त्याला आयडी नंबर, लिस्टमध्ये नाव, एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबकडून स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यांवर) तपासणी, सर्टिफिकेट, वर ड्यू डेटचं स्टिकर. मी आमच्या सरांकडे व्हर्नियर घेऊन गेले तेव्हा ते आधी वैतागले, कशाला वाढवतेस काम, कंपनीचे आहेत की. मग त्यांनीच पुढच्या लॉटबरोबर माझा पण लॅबला पाठवला. कॅलिब्रेशनचा खर्च कंपनीनेच केला, हे मला आवडलं. सर्टिफिकेट आलं तेव्हा सगळ्या पॉइंटला एरर लिमिटच्या बराच आत होता. ते सर्टिफिकेट मी मामाला फोनवर पाठवलं, त्याने ते झूम करून करून वाचलं म्हणे, मामी सांगत होती.

डिजिटल का नाही, हे सगळे विचारतात. डिजिटल वाईट नाही, मिटुटोयोचाच अ‍ॅब्सोल्यूटवाला डिजिटल उत्तम आहे, बंद करून चालू केला तरी शून्य विसरत नाही, ०.०१ दाखवतो, रीडिंग पटकन मिळतं. ज्यांना दिवसभरात खूप जॉब बघायचेत त्यांनी तोच घ्यावा. फक्त त्यात एसआर४४ सेल टाका, दिसायला सारखाच म्हणून एलआर४४ टाकला की त्याचा व्होल्टेज लवकर उतरतो आणि आकडे उड्या मारायला लागतात. आणि कूलंट उडत असेल तर आयपी६७ वालं मॉडेल वेगळं येतं ते घ्या, साधा डिजिटल ओल्या हाताने वापरला की संपला. मामाचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणाला सुरुवातीला आकडा आयता मिळाला की डोकं मापावर राहत नाही, रेघ बघायला लागली की जॉबकडे पण बघतेस. मला हे तेव्हा जुन्या माणसाचं बोलणं वाटलं नाही आणि आता तर अजिबात वाटत नाही. डिजिटलवर १२.१४ दिसलं की माणूस १२.१४ वर विश्वास ठेवतो.

पण मामाचं सगळंच मी घेतलेलं नाही आणि ते पण इथे लिहायला पाहिजे, कारण अशा यशस्वी मामा-काकांचं ऐकणारी पोरं-पोरी भरपूर आहेत. तो म्हणतो पाच वर्षं एका जागी चिकटून राहा, पगाराचं तोंडातून काढू नको, मालक आपोआप बघतो. त्याच्या वेळी उद्यमनगरात मालक शेजारच्या लेथवर उभा असायचा, त्याला दिसायचं कोण काय करतंय. आज माझा पगार ठरवणाऱ्या माणसाने मला माप घेताना एकदाही बघितलेलं नाही, त्याला एक्सेल शीट दिसते. तिथे गप्प बसून चालत नाही, आपलं काम लिहून दाखवावं लागतं, मागावं लागतं. तो असंही म्हणतो की शेवटी स्वतःचं शेड टाक. जुना लेथ घेऊन धंदा सुरू करायचे दिवस त्याला मिळाले, आता एक व्हीएमसी म्हणजे लाखांचं कर्ज, वर कस्टमर आधी विचारतो सर्टिफिकेशन आहे का, सीएमएम (कॉम्प्युटरवर चालणारं मापाचं मशीन) रिपोर्ट देता का. हे मी त्याला बोलून दाखवलं. त्याला राग नाही आला, जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग सीएमएम शीक की."

मला त्याच्या सल्ल्यातलं जे समजलं ते असं की कुठं जा, किती वर्षं थांब, काय धंदा कर, हे सगळं त्याच्या काळाचं बोलणं आहे, त्यात त्याचं नशीब आणि उद्यमनगरचे ते दिवस मिसळलेत. पण जबडे पुस, आतून धर, दुसऱ्याच्या हत्यारावर सही करू नको, हे त्याने हाताने कमावलंय आणि ते मला जसंच्या तसं उपयोगी पडतं. घरचे नेमकं पहिलं ऐकायला जातात, भविष्य विचारायला. दुसरं कुणी विचारतच नाही. मी त्याच्या शेडवर सुट्टीच्या दिवशी जाते ते या दुसऱ्यासाठी, तो सेटिंग करताना शेजारी उभी राहते, तो बोलत नाही फारसा पण हात बघायला मिळतो. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी त्याला 'मी काय करू' विचारण्यापेक्षा 'तुम्ही हे कसं करता' विचारून बघा.

घेताना काय बघायचं ते आता. मिटुटोयोचे डुप्लिकेट बाजारात भरपूर आहेत, ऑनलाइन तर फार. बॉक्स, लोगो, सगळं हुबेहूब. किंमत नेहमीच्या निम्म्यावर असेल तर घेऊच नका. अक्षरं आणि रेघा भिंगातून बघा, डुप्लिकेटमध्ये रेघेच्या कडा फिस्कारलेल्या दिसतात. सरक तर हातात घेतली की कळते. मी अधिकृत डीलरकडूनच घेतला, जीएसटी बिल घेतलं, सिरीयल नंबर जुळवून बघितला. दुकानात उभं राहून जबडे मिटून उजेडाकडे धरला, दुकानदार हसला आणि म्हणाला कुणी शिकवलं, मामाचं नाव सांगितलं तर त्याला ओळखत होता.

तोटे पण आहेत. किंमत जास्त आहे, डिप्लोमावाल्याच्या पहिल्या पगारात ती जाणवते, मला त्या महिन्यात दुसरं काही घेता आलं नाही. चष्मा लागलेल्यांना किंवा कमी उजेडात ०.०२ वाचणं त्रासाचं आहे, नाइट शिफ्टला मी छोटा टॉर्च वापरते. सोबत येणारं प्लास्टिकचं पाकीट अगदीच पातळ आहे, ते टाकून मी फोमचा छोटा बॉक्स केला, कारण व्हर्नियर खिशात स्क्रू ड्रायव्हरबरोबर ठेवणं म्हणजे पाप. इंचाची पट्टी मला एकदाही लागलेली नाही, मामाला लागते, तो अजून सुतात बोलतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

आयटीआय, डिप्लोमा करून क्वालिटीत, टूल रूममध्ये, सेटिंगला जाणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या. हौसेला सुतारकाम किंवा थ्रीडी प्रिंटिंग करत असाल तर एवढा महाग नको, साधा डिजिटल पुरे. आणि घेतल्यावर रोज काम संपलं की पुसून तेलाचा हलका हात द्या, जबडे अगदी घट्ट मिटून ठेवू नका, थोडी फट ठेवा, लॉक सोडून ठेवा.

मी आता शून्य ते पंचवीसचा मायक्रोमीटर घ्यायचं बघतेय, तो पण साधाच. त्यात रॅचेटवाला घ्यायचा की फ्रिक्शन थिंबलवाला (दोन्ही हाताचा दाब सारखा ठेवायच्या सोयी) यावर मामाशी अजून वाद चालू आहे, कुणी दोन्ही वापरले असतील तर सांगा.